रक्तातील प्रथिनांवरून मधुमेहाची जोखीम आधीच ओळखता येते का?

वैनगंगा (धागाकर्ती)

नमस्कार. माझे वय ४३ असून मी नागपूरमध्ये एका बँकेत नोकरी करते. काम दिवसभर बैठे आहे आणि व्यायाम जवळजवळ नाही. वडिलांना पन्नाशीच्या आतच मधुमेह झाला होता आणि गेल्या वर्षी थोरल्या भावालाही त्याचे निदान झाले. माझे वजन उंचीच्या मानाने योग्य आहे, कंबरेचा घेर ८४ सेंटीमीटर आहे, आणि नुकत्याच केलेल्या तपासणीत उपाशीपोटीची साखर ९४ व एचबीए१सी (गेल्या दोनतीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ५.६ टक्के आली. अहवालावर दोन्ही आकड्यांपुढे ‘सामान्य’ असेच छापलेले आहे.

असे असूनही एका खासगी तपासणी केंद्राने मला जे माहितीपत्रक दिले, त्यात रक्तातील अनेक प्रथिने एकाच वेळी मोजून पुढील दहा वर्षांतील मधुमेहाची जोखीम सांगणाऱ्या नव्या चाचणीचे वर्णन आहे. ब्रिटनमधील यूके बायोबँक, म्हणजे स्वयंसेवकांचे रक्तनमुने आणि आरोग्याची माहिती यांचा मोठा संग्रह, तिच्या अभ्यासांचा त्यात आधार दिलेला आहे. ते अभ्यास खरोखर झालेले आहेत, एवढे मी शोधून पाहिले, परंतु त्यांचा माझ्यासारख्या व्यक्तीसाठी नेमका अर्थ काय, हे मला उलगडत नाही. साखर अजून वाढलेलीच नसताना प्रथिनांना ती पुढे वाढणार हे कसे कळते? एचबीए१सीपेक्षा ही चाचणी खरोखर अधिक सांगते का? आणि चाचणीची किंमत मोठी असल्यामुळे हेही विचारते, की तिच्या निकालावरून माझ्या वागण्यात किंवा उपचारात काही फरक पडेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

रसायनी

मी वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नापुरते लिहिते.

टाइप २ मधुमेहात साखर वाढणे ही बरीच उशिराची घटना असते. त्याआधी अनेक वर्षे यकृत, स्नायू आणि चरबीच्या पेशी इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनाशा झालेल्या असतात. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून ती उणीव भरून काढत राहते आणि जोवर त्याला हे जमते तोवर साखरेचा आकडा सामान्यच दिसतो. या काळात यकृताचे आणि चरबीच्या ऊतींचे कामकाज मात्र बदललेले असते, आणि हे अवयव रक्तात जी प्रथिने सोडतात त्यांच्या प्रमाणात तो बदल उमटतो. चरबीच्या पेशींतून येणारे अ‍ॅडिपोनेक्टिन कमी होते. लैंगिक संप्रेरकांना बांधून ठेवणारे एसएचबीजी नावाचे प्रथिन यकृतात तयार होते. यकृतात चरबी साठू लागली की तेही घटते. आयजीएफबीपी-१ हे यकृतातीलच आणखी एक प्रथिन, त्याची निर्मिती इन्सुलिन थेट दाबून टाकते, म्हणून रक्तात इन्सुलिन सतत जास्त राहू लागले की त्याचे प्रमाण खाली जाते. उलट सीआरपीसारखी दाहदर्शक प्रथिने वाढतात. यांपैकी काहींचा मधुमेहाशी असलेला संबंध गेल्या वीसपंचवीस वर्षांपासून माहीत आहे. नवे काही असेल तर ते एवढेच, की आता एका थेंबभर रक्तद्रवातून हजारो प्रथिने एकदम मोजता येतात.

ही मोजणी प्रामुख्याने दोन पद्धतींनी होते. स्वीडनमधील उप्साला येथे सुरू झालेल्या ओलिंक कंपनीच्या पद्धतीत प्रत्येक प्रथिनासाठी दोन प्रतिपिंडे (अँटीबॉडी) वापरतात आणि प्रत्येकाला डीएनएचा एकेक छोटा तुकडा जोडलेला असतो. दोन्ही प्रतिपिंडे एकाच प्रथिनावर शेजारीशेजारी बसली तरच ते तुकडे एकमेकांशी जुळतात आणि मग त्या जोडतुकड्यांची संख्या मोजली जाते. सोमास्कॅन या दुसऱ्या पद्धतीत प्रतिपिंडांऐवजी विशिष्ट आकाराची घडी पडलेले डीएनएचे धागे प्रथिनाला पकडतात. यूके बायोबँकेतील ५४,२१९ व्यक्तींच्या रक्तातील २,९२३ प्रथिने ओलिंकने मोजली आणि ती माहिती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या माहितीपत्रकातील बहुतेक दावे या संचावर उभे असावेत.

आता एक बाब जाहिरातीत सहसा नसते. जोखीम दाखवणारे प्रत्येक प्रथिन रोगाचे कारण असतेच असे नाही. सीआरपी वाढलेल्या लोकांना मधुमेह अधिक होतो हे खरे आहे, परंतु जन्मतः जनुकांमुळेच सीआरपी जास्त असलेल्या लोकांना तो अधिक होतो का, हे तपासल्यावर तसे आढळले नाही. सीआरपी ही भिंतीवरची ओल आहे, गळती दुसरीकडे आहे. आइसलँडमधील ५,४३८ वयस्कर व्यक्तींच्या अभ्यासात मधुमेहाशी संबंधित शेकडो प्रथिने सापडली. जनुकीय पडताळणीनंतर त्यांतील १५ प्रथिने कारणाच्या बाजूची असावीत असा आधार मिळाला, तर किमान २३ प्रथिनांमधील बदल हा रोगाचा किंवा रोगप्रवृत्तीचाच परिणाम ठरला. भाकितासाठी ओलसुद्धा उपयोगी पडते, याबद्दल वाद नाही. पण अहवालात एखादे प्रथिन ‘असामान्य’ दिसले म्हणून ते औषधाने किंवा पूरक आहाराने ‘सुधारण्याच्या’ मागे लागू नये.

सांख्यिक

रसायनी यांनी यंत्रणा नेमकी मांडली आहे. ‘एचबीए१सीपेक्षा अधिक सांगते का’ या प्रश्नाकडे मी आकड्यांच्या अंगाने येतो.

२०२४ मध्ये एडिनबरा विद्यापीठातील गटाने यूके बायोबँकेतील ४७,६०० व्यक्तींची १,४६८ प्रथिने घेऊन निरनिराळ्या रोगांसाठी प्रथिन-गुणांक, म्हणजे अनेक प्रथिनांच्या पातळ्यांवरून काढलेला जोखमीचा एकच आकडा, तयार केले. टाइप २ मधुमेहाचा गुणांक एचबीए१सीपेक्षा आणि जनुकांवरून काढलेल्या जोखीम-गुणांकापेक्षाही सरस ठरला. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे आणि तो कमी लेखण्याचे कारण नाही. जनुके जन्मभर तीच राहतात, प्रथिनांवर मात्र वय, वजन, झोप, व्यायाम, औषधे या सर्वांची छाप पडते. त्यामुळे आजची स्थिती सांगण्यात प्रथिने पुढे असणार, हे अपेक्षितच होते.

परंतु ‘सरस’ म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवे. अशा अभ्यासांत बहुधा असे मोजतात, की पुढे मधुमेह झालेली एक आणि न झालेली एक अशी जोडी यदृच्छेने निवडली, तर गुणांक पहिल्या व्यक्तीला वरचा क्रमांक किती वेळा देतो. शंभरपैकी ऐंशी वेळा दिला तर गुणांक चांगला मानतात. हे क्रम लावण्याचे कौशल्य झाले. त्यावरून ‘वैनगंगा यांना दहा वर्षांत मधुमेह होण्याची शक्यता इतके टक्के’ हा आकडा आपोआप बरोबर ठरत नाही. कारण तो आकडा ज्या समाजात काढला तेथे हा रोग किती प्रमाणात होतो, यावर अवलंबून असतो.

एक काल्पनिक हिशेब मांडतो. एक हजार लोकांपैकी शंभर जणांना दहा वर्षांत मधुमेह होणार आहे असे धरा. चाचणी त्यांतील ८० जणांना ओळखते आणि उरलेल्या ९०० पैकी २० टक्क्यांना, म्हणजे १८० जणांना, चुकून ‘जास्त जोखीम’ म्हणते. एकूण २६० जणांच्या हातात चिंतेचा कागद पडतो आणि त्यांतील ८० जणांबाबतच तो खरा ठरतो. म्हणजे दहापैकी जेमतेम तिघे. दुसरीकडे ज्यांना ‘कमी जोखीम’ सांगितले त्या ७४० मधील २० जणांना मधुमेह होतोच. मला या वीस जणांची काळजी अधिक वाटते, कारण ते निर्धास्त होऊन पुढची साखर-तपासणी टाळण्याची भीती असते.

आणखी एक प्रश्न कोणत्याही जोखीम-चाचणीला विचारावा, तो असा की तुलना कोणाशी केली आहे. एकट्या एचबीए१सीला हरवणे ही एक गोष्ट झाली. वय, कंबर, कुटुंबाचा इतिहास, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी हे सर्व एकत्र घेतल्यावर उरते त्यात प्रथिने किती भर घालतात, ही वेगळी गोष्ट. दुसऱ्या तुलनेतील फायदा पहिल्यापेक्षा नेहमीच लहान दिसतो, आणि ग्राहकाने पैसे मोजायचे असतात ते या दुसऱ्या फायद्यासाठी.

दख्खनचा पठारी

दोन्ही प्रतिसाद विचारपूर्वक लिहिलेले आहेत, पण त्यांचा सूर मला गरजेपेक्षा थंड वाटला. रक्तातील प्रथिनांवरून मधुमेहाचे भाकीत करणे हे भविष्यातले स्वप्न नाही. टाइप १ मधुमेहात, जेथे शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला करते, ते अनेक वर्षांपासून चालू आहे. प्रतिपिंडे हीदेखील प्रथिनेच आहेत. इन्सुलिन आणि जीएडी, आयए-२ व झेडएनटी८ या स्वादुपिंडाच्या पेशींतील प्रथिनांविरुद्धच्या प्रतिपिंडांपैकी दोन किंवा अधिक ज्या मुलांच्या रक्तात कायम आढळली, त्यांतील जवळजवळ ७० टक्के मुलांना पुढील दहा वर्षांत मधुमेह झाला, असे २०१३ मध्ये जर्मनी, फिनलंड आणि अमेरिकेतील मुलांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले. शिवाय तेथे पुढे करण्यासारखेही काही आहे: टेप्लिझुमॅब या औषधाला अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली आणि मूळ चाचणीत त्याने रोगाची सुरुवात सुमारे दोन वर्षे पुढे ढकलली. शाळकरी मुलाच्या आईवडिलांना ती दोन वर्षे किती मोलाची वाटतील, याचा विचार करावा. टाइप २ बाबतही आपण त्याच वाटेवर आहोत, असे मला वाटते.

निदानकक्ष

मी पुण्यात मधुमेहाचे रुग्ण पाहतो. पठारी यांचे टाइप १ चे उदाहरण योग्य आहे, मात्र त्यातूनच फरकही ध्यानात येतो. तेथे रोगाची यंत्रणा एक आहे आणि ती प्रतिपिंडे त्या यंत्रणेचीच खूण आहेत. टाइप २ हे अनेक वाटांनी येऊन एकाच आकड्यापाशी थांबणाऱ्या रोगांचे सामायिक नाव आहे, आणि भारतीयांची वाट युरोपीयांपेक्षा पुष्कळदा वेगळी असते.

यासंबंधी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेले एक छायाचित्र आमच्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारीशेजारी उभे आहेत. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचे माप) २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषणाच्या अभ्यासात हाच ‘बारीक पण चरबीयुक्त’ बांधा नवजात बालकांतही आढळला. म्हणून वैनगंगा यांचे ‘वजन योग्य आहे’ हे वाक्य मी वाचतो तेव्हा त्याने माझे समाधान होत नाही.

यूके बायोबँकेतील सुमारे ९४ टक्के सहभागी गोरे असून भरती झाली तेव्हा ते ४० ते ६९ वर्षांचे होते. त्यांच्यात अ‍ॅडिपोनेक्टिनची जी पातळी ‘कमी’ ठरते ती आपल्याकडील कित्येक निरोगी माणसांत सहज दिसेल. शिवाय पुण्यातील रुग्णांत इन्सुलिनची निर्मितीच अपुरी असलेला गट मोठा आढळतो, तर वर सांगितलेली बहुतेक प्रथिने इन्सुलिनला होणारा रोध आणि यकृतातील चरबी दाखवतात. ज्या वाटेने आपले बरेच रुग्ण येतात त्या वाटेवर ही चाचणी कितपत पाहू शकते, हे भारतीयांवर दीर्घकाळ तपासल्याखेरीज ठरणार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि सुमारे १३.६ कोटी पूर्वमधुमेही (साखर वाढलेली, पण अजून मधुमेहाइतकी नाही असे) आहेत; गोव्यात तर मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के निघाले. अभ्यासासाठी माणसे कमी पडण्याचा प्रश्न येथे नाही.

प्रथिनांचा मला सर्वांत पटलेला उपयोग वेगळाच आहे आणि त्याची जाहिरात कोणी करत नाही. केंब्रिजशायरमधील फेनलंड अभ्यासात ११ हजारांहून अधिक लोकांची ग्लुकोज पाजून तपासणी केलेली होती. काहींची उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी दोन्ही सामान्य असतात, परंतु ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी साखर चढलेली सापडते; नेहमीच्या तपासणीत हे लोक निसटतात. त्यांना हुडकण्यासाठी संशोधकांनी हजारो प्रथिनांतून केवळ तीन निवडली, ग्लुकोज चाचणी कोणाची करावी हे ठरवायला ती उपयोगी पडतील असे दाखवले आणि २०२२ मध्ये ते ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे प्रथिनांनी येथे भविष्य सांगितले नाही, आज असलेली पण न दिसणारी गोष्ट शोधली.

वैनगंगा, आपल्याला मात्र त्या तीन प्रथिनांचीही गरज नाही, कारण ग्लुकोज चाचणी नागपूरच्या कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत अल्प खर्चात होते आणि ती करण्याइतकी कारणे आपल्यापाशी आधीच आहेत. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने २००५ मध्ये तयार केलेल्या भारतीय मधुमेह जोखीम-गुणांकात आपला हिशेब असा लागतो: वय ३५ ते ४९ असल्याचे २०, स्त्रीच्या कंबरेचा घेर ८० ते ८९ असल्याचे १०, बैठे काम आणि व्यायाम नाही याचे ३०, आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असल्याचे १०. एकूण ७०. साठ किंवा त्याहून जास्त म्हणजे जास्त जोखीम. यासाठी एक फीतपट्टी पुरली. सत्तरपैकी तीस गुण एकट्या व्यायामाच्या अभावाचे आहेत, हेही पाहावे.

एक विचारायचे राहिले. आपल्या घरी सिकलसेलचा (हिमोग्लोबिनमधील आनुवंशिक दोषाचा) इतिहास आहे का, आणि हिमोग्लोबिन किती आहे?

प्रयोगशाळेतला

निदानकक्ष यांच्या मताला तांत्रिक बाजूने एक पुरवणी जोडतो. ओलिंकच्या मोठ्या संचाचे आकडे सापेक्ष असतात. म्हणजे एका नमुन्यात एखादे प्रथिन दुसऱ्यापेक्षा किती जास्त हे कळते, एका मिलिलिटरमध्ये किती नॅनोग्रॅम हे कळत नाही. हजारो नमुने एकत्र तपासणाऱ्या संशोधकाला ते चालते. मात्र एका रुग्णाचा नमुना आज आला, दुसऱ्याचा पुढच्या महिन्यात आला, तर दोघांना एकच पट्टी लावणे अवघड होते. शिवाय रक्त काढल्यावर पेशी वेगळ्या करण्यास उशीर झाला की पेशींमधील प्रथिने रक्तद्रवात उतरतात आणि काही प्रथिने विघटित होतात. आपल्याकडे संकलन केंद्रावर घेतलेली नळी मुख्य प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत काय काय होते, हे या व्यवसायातील सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे अशी चाचणी कोणी देऊ केली तर नमुना किती वेळात वेगळा केला जातो आणि संदर्भ-पातळ्या कोणत्या लोकांवरून ठरवल्या आहेत, एवढे तरी लेखी विचारावे.

वैनगंगा (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. प्रथिनांची चाचणी सध्या करायची नाही, असे मी ठरवले आहे. निदानकक्ष यांच्या प्रश्नाचे उत्तर: माझी आई सिकलसेलची वाहक आहे; माझी तपासणी कधी झालेली नाही. हिमोग्लोबिन १०.२ आहे. याचा मधुमेहाच्या तपासणीशी काय संबंध? आणि ग्लुकोज चाचणीला जाताना कोणती तयारी करावी लागते?

निदानकक्ष

संबंध थेट आहे. एचबीए१सी म्हणजे साखर चिकटलेले हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिनही रक्तातले प्रथिनच आहे आणि एचबीए१सीची मोजणी लाल पेशी साधारण तीनचार महिने जगते या गृहीतावर उभी आहे. सिकलसेलच्या आजारात पेशी लवकर मरतात, त्यामुळे आकडा खरा असतो त्याहून कमी दिसतो. नुसत्या वाहकांत पेशींचे आयुष्य बहुधा ठीक असते, पण मोजणीच्या काही पद्धतींना ते वेगळे हिमोग्लोबिन अडथळा आणते. उलट लोहाच्या कमतरतेने आकडा फुगतो. आपल्या ५.६ मध्ये यांतले काय आणि किती मिसळले आहे, हे आज सांगता येणार नाही, म्हणून हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी तपासणी आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) दोन्ही करून घ्यावे. विदर्भात सिकलसेल वाहकांची संख्या पाहता हे प्रत्येक डॉक्टरने विचारायला हवे.

ग्लुकोज चाचणीपूर्वी किमान तीन दिवस नेहमीसारखे पोटभर जेवावे; पोळी-भात कमी करून गेल्यास निकाल विनाकारण बिघडलेला दिसू शकतो, म्हणून नवरात्रासारख्या लांब उपवासाला लागून ती करू नये. ताप किंवा सर्दी असतानाही टाळावी. रात्री ८ ते १४ तास पाण्याखेरीज काही घेऊ नये. सकाळी एकदा रक्त घेतात, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायला देतात आणि दोन तासांनी पुन्हा रक्त घेतात. मधल्या वेळात तेथेच बसून राहावे. बँकेत जाऊन परत येण्याची घाई करू नये. दोन तासांची साखर १४० च्या खाली असेल तर सामान्य, १४० ते १९९ असेल तर पूर्वमधुमेह, आणि २०० किंवा अधिक आल्यास दुसऱ्या दिवशी पडताळणी करावी.

पूर्वमधुमेह निघाला तरी पुढे काय करायचे, याचे भारतीय उत्तर उपलब्ध आहे. चेन्नईतील ५३१ जणांच्या चाचणीत केवळ नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटातील ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला, तर आहार आणि चालण्याकडे नियमित लक्ष दिलेल्या गटात ३९ टक्क्यांना झाला. मेटफॉर्मिन या औषधाचा परिणाम जवळपास तेवढाच होता. निकाल आला की येथे लिहावा, आणि आपली धाकटी भावंडे असतील तर त्यांनाही फीतपट्टी घेऊन बसवावे.